रिकामा मिक्सर

अण्णा, तुमची नात घरी आली आहे आणि तिला परत जाता येत नाहीये. खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण एवढ्यावर सोडलं तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून 'आधी पार्श्वभूमी सांग' म्हणाल, म्हणून सांगतो. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या श्राद्धाला बोलवावं असं तुमच्या बरोबरीचं कुणी उरलेलं नाही; जे उरलेत त्यांना गोड मना आहे. धारवाडचं, सप्तापूरचं घर तेच आहे. तुम्ही ते भाड्याने घेतलंत, मी विकत घेतलं, आणि आता वरच्या खोल्या मी विद्यार्थ्यांना भाड्याने देतो, म्हणजे आपण दोघांनी मिळून एक वर्तुळ पुरं केलं. तुमची खुर्ची हॉलमध्ये खिडकीपाशीच आहे. पहाटे कधीकधी तिथून घसा खाकरल्याचा आवाज येतो. तुमची सून म्हणते, तो वरच्या पोराचा. असेल. तो पोरगा दिवाळीला गावी गेला होता तेव्हाही आवाज आला होता, हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.

तर पार्श्वभूमी. नात, म्हणजे माझी लेक, अमेरिकेत एका विद्यापीठात ज्वारीच्या कणसांवर येणाऱ्या बुरशीचा अभ्यास करते. ज्वारी आपली, बुरशीही आपलीच, पण अभ्यासाला पैसे त्यांच्याकडे, म्हणून ती तिकडे. तिचा नवराही तिथेच दुसऱ्या प्रयोगशाळेत असतो. त्यांना एक मुलगी आहे, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. ती तिथे जन्मली म्हणून आपल्या घरातली पहिली अमेरिकन नागरिक. तुमच्या सुनेच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा नात म्हणाली, मी येते. येताना व्हिसाचा शिक्का संपलेला होता. पूर्वी लोक चेन्नईला जाऊन शिक्का घेऊन आठवडाभरात परतत. आता नियम निघाला की अर्ज करणाऱ्याने इंटरनेटवर आजवर काय काय लिहिलंय ते सगळं उघडं ठेवावं, ते लोक वाचणार. वाचायला वेळ लागतो. त्यामुळे तिची मुलाखतीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. नवरा आणि लेक तिकडे, ही इकडे. तो येऊ शकत नाही, कारण आला तर तोही अडकेल. सकाळी आपल्याकडे चहा होतो तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. पणती फोनच्या काचेला नाक लावून विचारते, "आई, तुझं तिकीट हरवलं का?" नात म्हणते, "हो गं राणी, शोधतेय." मी पेपर तोंडासमोर धरतो.

आता मी काय केलं ते. तुम्हाला माहीत आहे, मला संस्कृतात चेष्टा करायची खोड आहे. पाठशाळेत गुरुजींच्या ढेरीवर केलेल्या श्लोकाचं प्रायश्चित्त म्हणून तुम्ही मला आठवडाभर विहिरीचं पाणी काढायला लावलं होतंत, आणि आईला मात्र तो श्लोक दोनदा म्हणून दाखवला होतात. संस्कृतच्या प्राध्यापकीत ही खोड वाढली. तिकडचे राष्ट्राध्यक्ष रोज सकाळी एक फर्मान काढतात, दुपारी एखादं न्यायालय ते अडवतं, संध्याकाळी वरचं न्यायालय कधी वाट मोकळी करतं, कधी नाही. कुणाच्या मालावर जकात बसते, कुठल्या शहरात सैनिक पाठवतात, कधी सरकारचंच काम बंद पडतं आणि कारकुनांना पगार मिळत नाही. विद्यापीठाच्या उतारावर आमचा सकाळचा बाक आहे, तिथे नवनगरहून बसने येणारे एक निवृत्त इंजिनिअर असतात. त्यांचा मुलगा टेक्सासात, म्हणून ते राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने. दुसऱ्या एकांचा जावई सरकारी नोकरीतून निघाला, म्हणून ते विरोधात. पालिकेच्या नळाला पाणी येत नाही याबद्दल बाकावर कुणी बोलत नाही, वॉशिंग्टनबद्दल सगळे बोलतात. तर या सगळ्यावर मी एक श्लोक केला: एक राजा पहाटे आज्ञापत्र काढून सूर्याला उगवायला लावतो, आणि सूर्य नेहमीच्याच वेळी आला म्हणून त्याच्यावर दंड बसवतो. चौथा चरण जरा ओढूनताणून बसवला होता. तो मी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकला, खाली नातीला टॅग केलं. धारवाडातल्या पाच-सहा निवृत्त मास्तरांनी 'साधु साधु' लिहिलं. मला वाटलं, जगातली सगळ्यात सुरक्षित जागा कुठली असेल तर ती संस्कृत.

नात आल्यावर चार दिवसांनी दुपारी माझ्यासमोर फोन घेऊन बसली. "अप्पा, हे काढ." ती मला तू म्हणते, हेही तुम्हाला चालवून घ्यावं लागेल. मी म्हटलं, "काय काढू? समास चुकलाय का?" ती हसली नाही. म्हणाली, "माझं नाव आहे त्याच्याखाली." मी म्हटलं, "अगं, चेन्नईला बसलेला तो साहेब अनुष्टुभ वाचणार आहे? इथे माझे एम. ए. चे विद्यार्थी वाचत नाहीत." तिने फोनवर एक बटण दाबलं. श्लोक इंग्रजीत उलटून समोर आला. राजा, सूर्य, दंड, सगळं जागच्या जागी. ज्या लांबलचक समासापाशी माझा वर्ग दरवर्षी थांबतो तोही यंत्राने सोडवला होता. खरं सांगू का अण्णा, पहिल्यांदा मला आनंद झाला. इतक्या लक्षपूर्वक माझं कुणी वाचलं नव्हतं. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तरी मी काढला नाही. म्हटलं, बघू. तत्त्वाचा प्रश्न आहे वगैरे बोललो. तत्त्वाचं सगळं मी तुमच्या आवाजात बोलतो, हे तुमच्या सुनेने पूर्वीच ओळखलंय, ती वॉकर धरून दारात उभी होती, म्हणाली, "सासऱ्यांना मध्ये आणू नका." नात उठून गेली.

आणि मग मागच्या महिन्यातली गोष्ट. मी तुमच्या खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. सकाळची वेळ. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. चटणीचा आवाज मला कळतो, आधी खडखड, मग घरघर, मग मऊ. हा तसा नव्हता. हा एकसारखा, कोरडा, वरच्या पट्टीत लागलेला. बराच वेळ. तुमची सून आतल्या खोलीतून ओरडली, "अगं, रिकामा फिरवतेस का काय? जळेल ना तो." आवाज थांबला नाही. मी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. नात ओट्याला पाठ लावून उभी होती, एक हात मिक्सरच्या झाकणावर, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंड फोनच्या अगदी जवळ. नवऱ्याला विचारत होती, तो फोटो काढून टाकला का. त्यांच्या विद्यापीठातल्या एका परदेशी विद्यार्थ्याला त्याने काहीतरी लिहिलं म्हणून तोंडं झाकलेल्या माणसांनी रस्त्यावरून गाडीत घालून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस जण पाट्या घेऊन ग्रंथालयासमोर उभे राहिले, त्यात ही होती. दुसऱ्या रांगेत. कुणीतरी फोटो काढला. हे तिने आम्हाला सांगितलेलंच नव्हतं. मला पाहिल्यावर तिने मिक्सर बंद केला. मी विचारलं, "हे कशाला?" ती जराशी ओशाळली. "फोन ऐकतात म्हणे, अप्पा. म्हणजे ऐकत नसतीलही. पण बरं वाटतं."

अण्णा, स्टोव्हची ती गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नाही. शपथेवर सांगतो. आईनेही सांगितली नसणार, नात रांगत होती तेव्हाच आई गेली. तिला कुठून कळलं?

मला याच ओट्याखालची जमीन दिसते. तेव्हा ओटा नव्हता. आई पाटावर बसली आहे, समोर पितळी स्टोव्ह. आणीबाणीची दोन वर्षं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. कलघटगीहून तुमचे वकील मित्र येतात, पिशवीत वालाच्या शेंगा. त्यांनी चपला काढल्या की तुम्ही आत बघून म्हणता, "स्टोव्ह पेटव." आई पंप मारते, पिन घालते, स्टोव्ह भडकतो आणि भर्रर्र असा सुरू होतो. त्याच्यावर काही नसतं. चहा आधीच झालेला असतो. तुम्ही दोघं स्टोव्हच्या दोन बाजूंना डोकी जवळ आणून बसता आणि बोलता. मला वाटायचं, मोठ्या माणसांचं बोलणं या आवाजानेच सुरू होतं. आई एकदा म्हणाली होती, "तुमच्या राज्यघटनेला रॉकेल फार लागतं हो." वकील इतके हसले की त्यांना ठसका लागला. रॉकेल रेशनवर मिळायचं. त्याच रांगेत मी तुमचं बोट धरून उभा असताना सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "अण्णा, ते दिल्लीचं आपण इथे का बोलत नाही? इथे स्टोव्ह नाही म्हणून?" पुढचा माणूस हसला. मागचा हसला नाही. तुम्ही माझा हात असा दाबलात की बोटं पांढरी पडली. घरी येईपर्यंत तुम्ही बोलला नाहीत, आणि घरी आल्यावर मला जवळ घेऊन फक्त एवढंच म्हणालात, "बाहेर विचारायचं नाही. मला विचार. स्टोव्ह लावून विचार." त्याच संध्याकाळी तुम्ही तुमच्या टेबलावरचं गुळगुळीत कागदाचं अमेरिकन मासिक फाडून माझ्या पुस्तकाला कव्हर घातलंत. वर पांढऱ्या घुमटाची मोठी इमारत. ते मासिक तुम्ही कुणाला हातही लावू देत नसत. वर्षभर मी तो घुमट घेऊन शाळेत गेलो. मुलं म्हणायची, हे कुठलं देऊळ? मी सांगायचो, आमच्या अण्णांचं.

आणि होतंच ते तुमचं देऊळ. हुबळीच्या लॉ कॉलेजातली तुमची ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल. वर्गात शेवटच्या बाकावर साध्या कपड्यातला एक माणूस येऊन बसू लागला. मग तुम्ही आपली घटना बाजूला ठेवली आणि अमेरिकेची शिकवायला घेतली. ती अभ्यासक्रमात चारच तासांची होती, तुम्ही तिला अख्खं सत्र दिलंत. तिकडे राष्ट्राध्यक्षालासुद्धा न्यायालय विचारू शकतं, बाबा कशाच्या आधारे. तिकडे माणसाला धरलं तर का धरलं हे न्यायाधीशासमोर सांगावं लागतं. तुम्ही नुसतं तिकडचं सांगत होतात, मुलं इकडचं ऐकत होती. तो शेवटच्या बाकावरचा माणूस सगळं लिहून घ्यायचा. परीक्षेला बसला असता तर पहिल्या वर्गात आला असता, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या निवृत्तीच्या समारंभात तीन विद्यार्थ्यांनी ही गोष्ट सांगितली. तुम्ही गेलात तेव्हाही सांगितली. मी स्वतः ती माझ्या वर्गात सांगत आलो, शौर्याची म्हणून. आमचे अण्णा पोलिसासमोर असं शिकवायचे. त्या सकाळी कोरड्या मिक्सरच्या आवाजात ती मला पहिल्यांदा वेगळी ऐकू आली. तुम्ही घाबरला होतात. घरी बायको होती, रांगेत काहीही बोलणारा मुलगा होता, म्हणून तुम्ही आपली घटना मिटून ठेवलीत आणि लांबची उघडलीत. तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. समारंभात ही गोष्ट निघाली की तुम्ही टेबलावरच्या हाराशी चाळा करायचात. मला तो विनय वाटायचा.

वकिलांचंही आत्ताच आठवतंय असं नाही, पण आत्ता ते मनातून जात नाही. एका आठवड्यात ते आलेच नाहीत. बेळगावच्या तुरुंगात आहेत असं कळलं. सुटून आले तेव्हा सदरा खांद्यावरून उतरत होता. पुढे सगळं निवळलं, निवडणुका झाल्या, लोक चौकात मोठमोठ्याने बोलू लागले, आपल्याकडे गॅस आला. गॅसचा आवाज होत नाही. वकील यायचे, चहा प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि घुटमळायचे. एक दिवस आईने माळ्यावरून स्टोव्ह काढला, पुसला, पेटवून त्यांच्याजवळ ठेवला. त्यावर ते बोलायला लागले. त्यानंतर ते असेपर्यंत आईने दर वेळी असंच केलं. कुणाचीही भीती उरलेली नव्हती. गॅसवर भात शिजत असायचा आणि खाली रिकामा स्टोव्ह भर्रर्र चाललेला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला ते गमतीचं वाटायचं. मी मित्रांना नक्कल करून दाखवायचो.

हेच मला भिववतं, अण्णा. व्हिसाचं काय व्हायचं ते होईल. तिकडचा आजचा गोंधळही कधीतरी निवळेल. तुमची ती न्यायालयं अजून उघडी आहेत, भांडतायत, कधी जिंकतात. पण नात तिकडे परत गेली आणि सगळं ठीक झालं, तरी पुढे कधी पन्नाशीची होऊन आपल्या लेकीशी बोलताना तिचा हात मिक्सरकडे जाईल का, हे मला कोण सांगणार? तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही आधी 'स्टोव्ह लाव' म्हणाला असतात.

श्लोक मी त्याच सकाळी काढून टाकला. तिने मागून पाहिलं आणि म्हणाली, "छान होता रे. तिसरा चरण तर फारच." मी म्हटलं, "चौथा?" ती म्हणाली, "चौथा ओढूनताणून होता." म्हणजे अगदी तुमचीच.

मुलाखत शेवटी गेल्या आठवड्यात झाली. चेन्नईहून आल्यावर तिने चपला न काढताच सांगितलं. काचेपलीकडे एक तरुण बाई होती, नीट बोलत होती. काय काम करता, विचारलं. ज्वारीची बुरशी. बाई हसली. इथे घरी कोण? आई-वडील. वडील काय करतात? संस्कृत शिकवतात. तर बाईने विचारलं, ती भाषा अजून कुणी लिहितं का? "मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. नात माझ्याकडे बघत नव्हती. "म्हटलं, नाही. आता कुणी लिहीत नाही." तुमच्या सुनेने तोंडाला पदर लावला. मी हसलो, मोठ्याने हसलो. तीस वर्षांची नोकरी एका वाक्यात संपवली पोरीने. पण तिचे डोळे भरलेले होते, आणि मला कळलं की ही काचेपुढे उभी राहून माझ्यासाठी खोटं बोलली होती. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलेला नाही, हातात एक रंगीत चिठ्ठी दिली आहे: तपासणी चालू आहे, कळवू. केव्हा, ते लिहिलेलं नाही. बाकावर नवनगरचे इंजिनिअर रोज विचारतात, "एन्री मास्तर, मगळु इन्नू इल्ले इद्दाळ?" लेक अजून इथेच का, एवढाच साधा प्रश्न. टेक्सासच्या मुलाबद्दल ते हल्ली बोलत नाहीत. मी म्हणतो, "आईचा गुडघा बरा होऊ दे म्हणतेय." गुडघा केव्हाच बरा झालाय.

आज दुपारी दोघी झोपल्या आहेत. मी तुमच्या खुर्चीत बसून हे लिहितोय, हाताने, फोनवर नाही. माळ्यावरचा स्टोव्ह तुमच्या सुनेला मोडीत द्यायचा आहे. मी नको म्हटलं, कारण विचारल्यावर पितळ चांगलं आहे म्हणालो. आत्ता पहिल्यापासून वाचून काढलं आणि लक्षात आलं, या एवढ्या पत्रात एकही नाव नाही. नातीचं नाही, तिच्या लेकीचं नाही, वकिलांचं नाही, आणि ज्या माणसामुळे हे सगळं चाललंय त्याचंही नाही. मेलेल्या बापाला, मराठीत, पाठवायचंच नाही अशा पत्रात. मी ठरवून केलेलं नाही. हातानेच केलं. म्हटलं, निदान नातीचं तरी घालावं, किती सुंदर नाव तुम्ही ठेवलंत, आणि पेन टेकवलं.

स्वयंपाकघर अगदी शांत होतं, अण्णा. म्हणून नाही घातलं.